सुट्टी पदरात पाडून घ्या, संस्कृती मागाहून येईल

तुम्ही सरकारी नोकरीत आहात, तुमच्या शहरात उत्सव आहे, मिरवणूक आहे, लाऊडस्पीकर तर आहेच. आणि तरी स्थानिक सुट्टी नाही? मग संस्कृती टिकायची कशी? नागपूरकरांकडून शिका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे गावाची ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते आणि कचेऱ्यांना कुलूप लागतं.

आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन घेऊन जा. वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या द्यायचा अधिकार त्यांना १९५८ पासून आहे. निवेदनात परंपरेचं वय टाका. आमची काळी मारबत १८८१ची मानतात, पिवळी १८८५ची. तुमचा उत्सव गेल्या निवडणुकीच्या आसपास सुरू झाला असेल, तर नुसतं 'प्राचीन' लिहा.

कॅलेंडर मात्र बघून ठेवा. २०२० साली पाच दिवसांचा आठवडा झाला आणि शनिवारच्या संस्कृतीला काडीची किंमत उरली नाही. उत्सव शनिवार-रविवारी आला तर परंपरेला झोपू द्या. सोमवारी किंवा शुक्रवारी आला की अस्मिता जागी झालीच पाहिजे. आदेशाच्या शेवटी बारीक ओळ असते, की हा आदेश न्यायालयांना आणि बँकांना लागू नाही. वाईट वाटून घेऊ नका, त्यांची ईडापीडा वेगळ्या खात्यात जमा होते.

सुट्टी मिळाली. आता मिरवणुकीला जायचं? छे हो! पुरण पोटात पडलं की गाडी काढा आणि चिखलदरा गाठा. काळी-पिवळी समोरासमोर येतात तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. तिथे हमाल असतात, पानठेलेवाले असतात, फुगेवाले असतात. त्यांना कोणी सुट्टी जाहीर केलेली नाही, म्हणून बिचारे येतात. त्याच दिवशी पोरांचा तान्हा पोळाही असतो; ती पोरं लाकडी नंदी ओढत बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला तुमच्या दारी येतील, त्यांना कुलूप दिसू द्या. संस्कारच आहेत तेही.

शिवाय न जाण्यात शहाणपण आहे. मारबतींमागून बडगे निघतात. बांबू-कागदाचे हे पुतळे म्हणजे महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यांवरचे खड्डे, ज्याची त्याची जाहीर धिंड, आणि शेवटी होळी. एखाद्याच्या गळ्यातली पाटी थेट तुमच्या खात्याचीच निघायची! आता गंमत बघा, ज्याच्या नावाने शंख चाललाय ते खातं त्या दिवशी शासकीय आदेशानेच बंद. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी खिडकीखालून जाते, आत खड्ड्यांच्या तक्रारींचा गठ्ठा पेपरवेटखाली सुखरूप. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या सणात आहे?

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास ऑफिसात पोचा, चहा घ्या. कोणी खड्ड्याचं विचारायला आलंच, तर सांगा, "तो तर काल जाळला ना बाप्पा!" आणि अर्जावर शेरा मारा, विषय निकाली.