हेडबोल्टच्या भोकात पुट्टी भरू नका

‘इंजिन ब्लॉकमधले आटे गेले? पाच मिनिटांत दुरुस्ती’ असा एक मेसेज व्हिडिओसकट फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. भोकात स्टील पुट्टी भरा, बोल्टला ग्रीस लावून आत फिरवा, वाळलं की नवे आटे तयार. हेलिकॉइलने (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या कॉइलने) ब्लॉक कमकुवत होतो. बसवायचंच असेल तर साधा टॅप (आटे पाडायचं हत्यार) चालतो. नाहीतर एक साइज मोठा बोल्ट टाका. आणि शेवटी, बोल्टला भरपूर ऑइल लावून थोडं जास्तच आवळा. काल धाकट्या भावाने हाच मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘हेड उतरवलंय, पुट्टी आणू का?’ म्हणून हे लिहितोय. (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण; ते ब्लॉकला आवळून धरतो तो हेडबोल्ट.)

नको आणूस. आणि का नको, ते आकड्यांत बघ.

10.9 ग्रेडचा (उच्च ताकदीचा) एम10, म्हणजे 10 मिमी जाडीचा हेडबोल्ट नीट आवळला की त्यात साधारण 36 किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त. टॉर्क (ठरलेला पिळाचा जोर) देऊन वर आणखी ठरावीक अंश फिरवायचे बोल्ट असतील तर याहूनही जास्त. हा सगळा ताण आट्यांच्या उतारावर, कातर होऊन, म्हणजे आटे कापू पाहणारा जोर म्हणून येतो. दुरुस्तीसाठी विकल्या जाणाऱ्या चांगल्या स्टील एपॉक्सीचं ताणबल 35 मेगापास्कलच्या आसपास सांगितलं जातं, कातरबल त्याहून बरंच कमी. तरी उदारपणे 20 धरू. बोल्ट 20 मिमी आत गेलाय आणि पुट्टीने सगळ्या बाजूंनी पकड घेतलीय असंही मानू. तरी हिशेब साडेबारा किलोन्यूटनवर, म्हणजे जेमतेम सव्वा टनावर थांबतो. गरज तिपटीची आहे, आणि हा हिशेब थंड, कोरड्या, तेलाचा थेंबही नसलेल्या भोकाचा झाला. ब्लॉकमधलं भोक तसं कधीच नसतं. कितीही धुतलं तरी बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत ऑइल आणि कूलंट मुरलेलं असतं. त्यावर पुट्टी धरत नाही.

शिवाय कूलंट 90 अंशांच्या आसपास चालतं. त्या उष्णतेत सततच्या ओढीखाली एपॉक्सी हळूहळू सरकत जातं. फसगत इथेच होते: सुरुवातीचा हलका टॉर्क लागतो, कधी गाडी सुरूही होते, आणि माणूस खूश होतो. मग त्या एका बोल्टची पकड ढिली पडते, तिथे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पातळ सील) गॅस सोडतं, सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतो, इंजिन तापतं, हेड वाकडं होतं. एका भोकाचं काम होतं, ते हेड फेस करण्यापर्यंत, म्हणजे मशिनवर तासून सपाट करण्यापर्यंत जातं. आणि पुट्टी भरलेलं भोक शेवटी ड्रिल करून साफ करावंच लागतं.

अर्धसत्य आहे, तेही सांगतो. बोल्टला पुट्टी चिकटू नये म्हणून लेप लावायचा आणि आट्यांचा साचा घ्यायचा, अशी उत्पादनं खरोखर मिळतात. पत्र्याचं कव्हर, वायरिंगची क्लिप, जिथे नुसता भाग जागेवर राहायला हवा, तिथे एम6 बोल्टला ती चालतात. हेड, मेन बेअरिंग कॅप, इंजिन माउंट यांना नाही.

आता हेलिकॉइलने ब्लॉक कमकुवत होतो, हे. नासाने 1990 साली प्रसिद्ध केलेल्या ‘फास्टनर डिझाइन मॅन्युअल’मध्ये (संदर्भ प्रकाशन 1228) इन्सर्टवर (हेलिकॉइलसारख्या, भोकात वेगळ्या बसवायच्या आट्यांवर) वेगळा भाग आहे. मऊ धातूत मजबूत, न झिजणारे आटे मिळावेत म्हणून आणि गेलेले आटे दुरुस्त करण्यासाठी इन्सर्ट वापरतात, असं तिथे सरळ लिहिलंय. विमान-अंतराळ उद्योगात मऊ धातूत छोटे पण उच्च ताकदीचे बोल्ट वापरून वजन वाचवता यावं म्हणूनही इन्सर्ट घालतात. कारणही साधं आहे. एम10×1.5 च्या (10 मिमी बोल्ट, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिमी) हेलिकॉइलसाठी ब्लॉकमध्ये पडणाऱ्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास 12 मिमी असतो. म्हणजे ॲल्युमिनियमला ताण झेलायला सुमारे 20 टक्के जास्त घेर मिळतो. बिडात हा फायदा कमी, कारण बीड मुळातच घट्ट असतं.

खरी अडचण वेगळी आहे. बोल्ट जाम झाला तर काढताना तारेचं कॉइल त्याच्यासोबत बाहेर येऊ शकतं. म्हणून हेडबोल्टला मी भरीव, आतून लॉक होणारं बुशच (आतबाहेर आटे असलेली जाड नळी) पसंत करतो. पण बुशला जास्त धातू कापावा लागतो. भोकाशेजारी पाण्याची वाट असेल तर भिंत किती उरते, ते आधी मोजा.

‘साधा टॅप चालतो’ हे तर साफ चूक. वरच्याच मापाला ड्रिल साधारण 10.4 मिमी, नेमका हेलिकॉइलच्या किटवर लिहिलेला, आणि टॅप किटमधलाच लागतो. तो दिसायला एम12 सारखा असला तरी पिच 1.5 आहे, नेहमीच्या एम12 ची पिच 1.75. कॉइल त्यात बसणारच नाही.

एक साइज मोठा बोल्ट टाकला तर हेडचं भोक आणि गॅस्केटचं भोक दोन्ही मोठी करावी लागतात, आणि शेजारच्या बोल्टांपेक्षा दाब वेगळा पडतो. हेडसाठी विषय संपला. ऑइल लावून जास्त आवळण्याबद्दल: कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क ऑइल लावून दिला तर ताण सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतो, आणि आटे बहुतेकदा असेच जातात. बंद भोकात तळाशी ऑइल साचलं तर बोल्ट पिस्टनसारखा दाबतो आणि ब्लॉक तडकतो. गाडीचं मॅन्युअल सांगेल तेवढंच ऑइल, सांगेल तेवढाच टॉर्क.

करायचं ते असं. सिलिंडर आणि पाण्याच्या वाटा कापडाने बंद करा. ड्रिल काटकोनातच जायला हवा, म्हणून ब्लॉकच्या तोंडावर मार्गदर्शक पट्टी पक्की बसवा. हाताने अंदाजाने नाही. खोलीची खूण करा, वेग कमी ठेवा. ॲल्युमिनियमला कटिंग ऑइल, बीड कोरडंच. टॅप अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे, मधूनमधून बाहेर काढून कीस साफ. चष्मा घालून हवा मारा. कॉइल मूळ आटे जिथून सुरू होत होते तिथून पाव ते अर्धा आटा खाली बसवा, आणि ज्याला शेपूट (कॉइल फिरवून बसवायला तळाशी असलेली आडवी तार) असते त्याची तोडून बाहेर काढा. आत राहिली तर बोल्ट तळाला अडतो. भोक पाण्याच्या वाटेत उघडत असेल तर बोल्टला सीलंट लागेल.

हेड चढवण्याआधी चाचणी घ्या. हेडच्या जाडीइतका लोखंडी नळीचा तुकडा आणि जाड वॉशर ठेवा, जुना बोल्ट लावा आणि टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने पहिल्या टप्प्याच्या टॉर्कपर्यंत न्या. रेंच मऊ लागला, बोल्ट नुसता फिरत राहिला तर काम पुन्हा. एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर नवे बोल्ट या चाचणीत घालू नका.