१ मिमी म्हणजे १ अंश? आधी टेप कुठे लावली ते सांगा

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. "अलाइनमेंटला दुकानात पैसे घालू नका. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर टेपने एकदा पुढून मोजा, एकदा मागून. १ मिमी फरक म्हणजे १ अंश. एका बाजूचा टाय रॉड फिरवून फरक शून्य करा. गाडी एका बाजूला ओढायची थांबते. काम पाच मिनिटांचं." (टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा.)

घरी टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) मोजता येतो, एवढं त्यातलं खरं आहे. लातूरला आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे, पावसाळ्यातले खड्डे सोसून झाले की मी तिच्यावर दरवर्षी मोजतो. बाकीच्या मेसेजबद्दल मात्र बोलायला लागेल.

सगळ्यात मोठा घोळ त्या "१ मिमी म्हणजे १ अंश"मध्ये आहे. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांचे चवडे आत वळलेत की बाहेर फाकलेत. तो कोन आहे, आणि मिलिमीटरचा कोन करायचा तर किती लांबीवर तो फरक पडला हे माहीत हवं. हिशेब सोपा आहे: फरक भागिले व्यास, गुणिले ५७.३ (अंश काढायचा ठरलेला आकडा). जुन्या स्विफ्टचा १६५/८० आर १४ टायर घ्या. त्याचा बाहेरचा व्यास साधारण ६२० मिमी. पुढून-मागून ३ मिमी फरक आला तर ३ ÷ ६२० × ५७.३ म्हणजे ०.२८ अंश, तोही दोन्ही चाकांचा मिळून. हाच ३ मिमी फरक रिमच्या कडेवर मोजलेला असेल, तर तिथला व्यास ३९० मिमीच्या आसपास, म्हणून कोन ०.४४ अंश. आकडा तोच, कोन दीडपटीहून जास्त. आणि मेसेजवाल्याच्या हिशेबाने हे ३ अंश होतात! या टायरवर खरेच ३ अंश असते तर टेपवर ३२ मिमी फरक दिसला असता. तेवढं टेपशिवायही, नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

यात आणखी एक खड्डा आहे, त्यात शिकलेली माणसंही पडतात. अलाइनमेंट मशीनच्या कागदावर टो कधी दशांशात असतो, कधी अंश आणि मिनिटांत. १ अंशाची ६० मिनिटं. ०.२० अंश म्हणजे १२ मिनिटं, आणि २० मिनिटं म्हणजे ०.३३ अंश. वरच्या टायरवर पहिल्याचे २.२ मिमी होतात, दुसऱ्याचे ३.६. शिवाय मॅन्युअलमधला आकडा एका चाकाचा आहे की दोन्हींचा मिळून, हे पाहिलं नाही तर सरळ दुप्पट चूक.

आता "टेपने मोजा". पुढून जमतं. मागून टेप चाकाच्या मध्याच्या उंचीवर न्यायची तर मध्ये इंजिन, गिअरबॉक्स येतात. म्हणून लोक टेप खाली घेतात. त्याच टायरवर मध्यापासून १५० मिमी खाली आलात तर ६२० च्या जागी ५४३ मिमीवरच मोजताय. फरक कमी दिसतो आणि आपण खूश.

आमचे वडील गवंडी होते, त्यांचा पितळी ओळंबा अजून घरात आहे. मी तोच वापरतो. हवा भरून, स्टिअरिंग सरळ धरून गाडी थोडी पुढे ढकलायची. दोन्ही टायरच्या पुढच्या टोकाला, मध्याच्या उंचीवर, नक्षीच्या एकाच खाचेत खडूची खूण करायची. तिथून ओळंबा सोडून फरशीवर टिंब. मग गाडी अर्धा फेरा पुढे, या टायरला साधारण ९७ सेंमी, म्हणजे त्याच खुणा मागच्या टोकाला येतात. पुन्हा ओळंबा, पुन्हा टिंबं. गाडी बाजूला घेतली की फरशीवर चार टिंबं उरतात, त्यांच्यामध्ये ना इंजिन ना काही. पहिल्या दोन टिंबांमधलं आणि नंतरच्या दोन टिंबांमधलं अंतर टेपने मोजायचं, त्यातला फरक तो आपला आकडा. खूण तीच राहिल्याने रिम थोडी वाकडी असली तरी आकडा बिघडत नाही. ढकलायचं मात्र पुढेच. मागे घेतली की जोडांमधली ढील उलटी बसते आणि मोजणं वाया. पाच मिनिटांत नाही होत हे. मला पाऊण तास लागतो, त्यात एक चहा धरलेला आहे.

"फरक शून्य करा" हे कुणी ठरवलं? कुठल्या गाडीला थोडा टो-इन (चवडे किंचित आत) लागतो, कुठलीला जवळपास शून्य. कंपनीचा आकडा पाहायचा, संपलं.

एकच टाय रॉड फिरवला तर चाकं आपसात तो फरक वाटून घेतात आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं. दोन्हीकडे सारखं फिरवायचं. आणि किती, याचाही अंदाज हवा: टाय रॉडचे आटे १.५ मिमीचे आणि स्टिअरिंगचा आर्म (टाय रॉड ज्याला ढकलून चाक वळवतो तो हात) १२० मिमीचा धरला तर एका पूर्ण फेऱ्याला ते चाक ०.७ अंश फिरतं. आमच्या टायरवर पाव फेरा म्हणजे जवळपास २ मिमी. पान्हा जोरात ओढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

राहिलं गाडी ओढणं. पुढचा टो चुकला तर टायर खातो. नक्षीवरून आडवा हात फिरवला की एकीकडून गुळगुळीत, उलटीकडून करवतीसारखं लागतं. पण नुसत्या टोने गाडी सहसा ओढत नाही. शेजारच्या काकांची डावीकडे ओढायची, त्यांनी मेसेज वाचून टाय रॉड दोनदा फिरवला होता. आम्ही हवा तपासली, ब्रेक धरत नाही ना पाहिलं, मग पुढची दोन चाकं आपसात बदलली. गाडी उजवीकडे ओढायला लागली. दोष टायरचा होता. काकांचा टो मात्र आता खरंच बिघडला होता, तो लावत बसलो. कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा कल), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) किंवा मागच्या चाकांची शंका असेल तर मीही मशीनवरच जातो, ओळंब्याचं ते काम नाही.

हा सगळा हिशेब मी मेसेज पाठवणाऱ्या मावसभावाला पाठवला. दोन दिवस गप्प होता. मग विचारलं, "दादा, मग व्यास टायरचा धरू का रिमचा?"

ज्याच्यावर मोजलंस त्याचा.