नाल्याच्या मध्यरेषेवर

आमच्या महानगरपालिकेत गेल्या आठवड्यात प्रारूप प्रभागरचनेवरील हरकतींची सुनावणी झाली आणि तीत माझी हरकत ‘विषयाशी संबंधित नाही’ असा शेरा मारून निकालात काढण्यात आली. एका प्रभागातून चार-चार नगरसेवक निवडून देण्याची पद्धत बंद करावी, एवढेच माझे म्हणणे होते. कारण आमच्या गल्लीतील चेंबरचे फुटलेले झाकण बदलून घेण्यासाठी मागच्या खेपेस ‘अ’ जागेच्या माननीयांनी मला ‘ब’कडे पाठवले, ‘ब’ने ‘क’कडे पाठवले, आणि ‘ड’ निवडून आल्यापासून कोणाच्याच दृष्टीस पडले नव्हते. प्रभागात सदस्य किती असावेत हे राज्य शासन कायद्याने ठरवते, येथे केवळ हद्दीविषयी बोलता येईल आणि झाकण हा विषय मलनिस्सारण विभागाचा आहे, असे मला अतिशय सौजन्याने सांगण्यात आले. सौजन्याचा राग जास्त येतो.

अर्थात, केवळ हद्दीविषयी बोलल्याने काही साधते असेही नाही, हे माझ्या आधी ज्यांचा क्रमांक होता त्या काकांनी सिद्ध करून दाखवले. निवृत्त असावेत, कारण हरकतीला इतकी पुरवणी कागदपत्रे जोडण्याची सवड नोकरदार माणसाला मिळत नाही. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला, त्याच्या चारही कोपऱ्यांवर महानगरपालिकेच्याच फायली वजनाला ठेवल्या आणि विचारले,

‘‘साहेब, दोन प्रभागांची हद्द आपण नाल्याच्या मध्यरेषेने नेली आहे. हा नाला कोठे आहे?’’

‘‘नकाशात दाखवला आहे ना, काका.’’

‘‘नकाशात आहे. जागेवर आमची इमारत आहे.’’

अधिकाऱ्यांनी नकाशा फिरवून पाहिला, मग स्वतः थोडे फिरून पाहिले. नाला बुजवला गेला असेल, तर तशी नोंद सापडेल, असे ते म्हणाले.

‘‘नोंद सापडली, तर आमच्या इमारतीला भोगवटा पत्र कसे दिलेत, हे सांगावे लागेल,’’ काका म्हणाले. ‘‘आणि नाला नव्हताच म्हणालात, तर या दोन प्रभागांना हद्दच उरत नाही. आपणास जे सोयीचे असेल ते लिहून द्या, माझा आग्रह नाही.’’

‘‘पण प्रत्यक्षात तेथे पाणी वाहते का?’’

‘‘जुलैमध्ये वाहते. पार्किंगमधून. आपण तेव्हा आलात, तर हद्द डोळ्यांनी पाहता येईल. माझे स्वयंपाकघर एका प्रभागात राहते आणि झोपण्याची खोली दुसऱ्यात जाते.’’

सभागृहात हशा पिकला. काका मात्र हसले नाहीत. प्रभागांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून धरलेली असून त्यांची इमारत २०१५ ची आहे. त्यामुळे ज्या हिशेबाने ही रचना झाली त्या हिशेबात आपले सारे शेजारी अजून राहायला आलेलेच नाहीत, ही दुसरी हरकत त्यांनी त्याच सुरात मांडली. अधिकाऱ्यांनी पाणी मागवले.

मला त्यांचा हेवा वाटला. त्यांची हरकत निदान कोणीतरी लिहून घेत होते. माझा आक्षेप ज्या चाराच्या आकड्यावर होता, त्याची वाटचाल मात्र पाहण्यासारखी आहे. २००२ मध्ये प्रभागात तीन सदस्य, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. पुढे २०१९ च्या अखेरीस कायद्यात पुन्हा एक, २०२१ मध्ये तीन आणि २०२२ मध्ये सरकार बदलताच परत चार. मुंबईत मात्र २२७ प्रभागांतून प्रत्येकी एकच नगरसेवक निवडला जातो. मुंबईकराला एका वेळी एकच माणूस नीट पारखता येतो आणि आम्हाला चार, असा शासनाचा आमच्यावर मोठा विश्वास दिसतो. एका वजनदार उमेदवाराच्या आधाराने तीन हलके उमेदवार तारून नेता येतात, ही सोय पक्षांची. मतदाराच्या वाट्याला पांढरी, गुलाबी, पिवळी आणि निळी मतपत्रिका येते. २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या आजी दोनच बटणे दाबून बाहेर निघाल्या, तेव्हा त्यांना मागे बोलावून अजून दोन मते शिल्लक असल्याचे सांगण्यात आले. ‘‘पण मला दोघेच बरे वाटले,’’ आजी म्हणाल्या. तसे वाटून चालत नाही. उरलेल्या दोन्ही जागांवर कोणीही पसंत नसल्याचे बटण शोधून दाबावे लागते.

आणि यातले काहीही आम्हाला विचारून ठरलेले नाही. तीन सदस्यांच्या रचनेवरही रीतसर हरकती मागवल्या होत्या, सुनावण्या झाल्या होत्या, माणसे रजा टाकून आली होती. नंतर ते सारे रद्द झाले. २०२२ पासून तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, आणि निवडणुका घ्या हे सांगायला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला यावे लागले. या काळात झाकणासाठी मला ‘ब’कडे पाठवायला ‘अ’सुद्धा उरला नव्हता. चेंबरमध्ये कोणी पडू नये म्हणून गल्लीनेच वर्गणी काढून एक फरशी आणली आणि ती रस्त्यावर ठेवल्याबद्दल अतिक्रमण विभागाचा माणूस मात्र दुसऱ्याच दिवशी येऊन गेला.

बाहेर पडताना उपस्थितीपत्रकावर सही करायची होती. काकांनी ‘प्रभाग क्रमांक’ या रकान्यात मधे तिरकी रेघ देऊन दोन आकडे लिहिले.

‘‘दोन लिहू नका काका,’’ कारकून म्हणाला, ‘‘दुबार मतदार म्हणून नोटीस येईल. कोणता तरी एक खोडा.’’

काकांनी दोन्ही खोडले. त्यावर कारकुनाने शांतपणे ‘पत्ता अपूर्ण’ असे लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.