‘सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये आहे’ म्हणणाऱ्यांनो, एकदा स्टोअरमध्ये येऊन बसा

काल रात्री साडेनऊला फोन आला. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या अकाउंटच्या ताई. हिशेब आणि स्टॉकच्या त्यांच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये काही अडलं की मला फोन येतो. आवाज रडवेला. "सर, मी कॅन्सल दाबलं आणि सगळंच गेलं वो. पेमेंटसुद्धा दिसंना झालंय."

फौंड्रीकडून २४० कास्टिंग आली होती. त्यातले १८ नग ब्लोहोल (ओतकामात राहिलेली पोकळ भोकं) निघाले म्हणून रिजेक्ट. ते परत पाठवायचे, एवढंच काम. मशीन शॉपमध्ये असं काम आठवड्यातून दोनदा तरी निघतं. ताईंनी जे करायला हवं तेच केलं, आधी सॉफ्टवेअरच्या मदतीचं पान उघडलं. परतीच्या मालाबद्दल तिथे एकच ओळ: फक्त रिटर्न बटणावर क्लिक करा. खाली चित्र, चित्रात डॉलरमधले भाव, आणि चित्रातलं ते बटण दोन आवृत्त्यांपूर्वीच तिथून हलवून ‘क्रिएट’च्या मेनूत टाकलेलं. ताईंनी दहा मिनिटं शोधलं. सापडलं नाही. त्याच पानावर खाली लिहिलं होतं की सबमिट केलेली नोंद बदलायची असेल तर कॅन्सल करा. त्यांनी जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, कॅन्सल करायला घेतली. जोडलेल्या नोंदींची यादी समोर आली, खाली ‘सगळ्या कॅन्सल करा’ असं बटण. दाबलं.

जीआरएन गेली, परचेस इनव्हॉइस गेलं, पेमेंट गेलं. १५० नग आधीच मशीनवर चढले होते, त्यामुळे स्टॉक वजा १५०. कॅन्सल झालेली नोंद पुन्हा जिवंत होत नाही, हे त्या अख्ख्या पानावर कुठेही नाही! अमेंड करून, म्हणजे तिची दुरुस्त प्रत काढून, नवी करायची, नंबरच्या मागे ‘-१’ लागणार, ती जुन्या तारखेने चढवायची, आणि मग त्या तारखेनंतरच्या सगळ्या स्टॉक नोंदींचं मूल्य सिस्टीम नव्याने मोजेपर्यंत वाट बघायची. मी रात्री दीडपर्यंत तेच करत होतो. परवा २० तारीख आहे, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचंय, आणि या बिलावरच्या कराचं क्रेडिट पुस्तकातूनच गायब झालं होतं.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवावीच लागते, ती बंद करता येत नाही. म्हणजे हा सगळा गोंधळ ताईंच्या नावाने आणि वेळेसकट कायमचा तिथे राहणार. उद्या ऑडिटर विचारणार, मालक ओरडणार, ते ताईंनाच. ज्याने ते पान लिहिलं, किंवा बटण हलवल्यावर ज्याने पानाला हात लावला नाही, त्याचं नाव त्या लॉगमध्ये कुठेच नसेल.

सकाळी डेव्हलपरांच्या ग्रुपवर सगळं नीट लिहून टाकलं. उत्तर आलं: "सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. शिवाय सोर्स ओपन आहे, वाचू शकता."

कोणी वाचायचा सोर्स? बी.कॉम. करून बारा वर्षं व्हाउचर चढवणाऱ्या बाईने?

तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये काय आहे ते मला पाठ आहे. ‘वेअरहाउस: वेअरहाउस निवडा.’ ‘बॅच: बॅच निवडा.’ अहो, रकान्याचं नाव तिला वाचता येतं. रिजेक्ट माल कुठल्या वेअरहाउसला टाकायचा, चांगल्या मालात टाकला तर काय होईल, जीआरएनवरून परत केला आणि डेबिट नोट (परत केलेल्या मालाची रक्कम वळती करणारी नोंद) काढली नाही तर फौंड्रीच्या खात्यावर काय उरेल, हे सांगा ना! ई-इनव्हॉइसच्या पानावर ‘कॅन्सल’ बटण दाखवलंय, पण आयआरएन (ई-इनव्हॉइसचा सरकारी नोंदणी क्रमांक) २४ तासांतच रद्द होतो, त्यानंतर क्रेडिट नोटच काढावी लागते, याचा उल्लेख नाही. माणूस तिसऱ्या दिवशी ते बटण दाबत बसतो आणि एरर वाचून मला फोन करतो.

आणि तो ‘फक्त’! फक्त क्लिक करा, फक्त सेट करा, फक्त एक कमांड चालवा. ज्याला जमत नाहीये त्याला त्या एका शब्दाने तुम्ही मूर्ख ठरवता. मला तो शब्द मदतीच्या पानावर दिसला की डोक्यात तिडीक जाते. तसेच ते तासाभराचे व्हिडिओ, ज्यात हवी असलेली अर्ध्या मिनिटाची गोष्ट कुठे आहे ते कळत नाही. आणि फोरमवर अगदी आपलाच प्रश्न सापडावा आणि खाली त्याच माणसाने लिहिलेलं असावं, "झालं, धन्यवाद." काय झालं? कसं झालं?

पैसे नाहीत, माणसं नाहीत, हे मला सांगू नका. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरची जाडजूड गाइडं स्वयंसेवकांनीच लिहिलीत, कुणीही फुकट उतरवून घ्यावीत. त्यांची मदत कॉम्प्युटरवर टाकून नेटशिवाय वाचता येते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जीएनयू प्रकल्पवाल्यांनी २००० सालीच अशा पुस्तकांसाठी वेगळा मुक्त परवाना काढला. मुक्त सॉफ्टवेअरसोबत मुक्त पुस्तकही हवं, हे तेव्हाच कळलेली माणसं या क्षेत्रात होती.

आणि मी नुसता ओरडणारा नाही. सात महिन्यांपूर्वी याच परतीच्या मालाचं पान मी नव्याने लिहून पाठवलं होतं, नवी चित्रं, रुपयांत उदाहरण. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की कमिटचं, म्हणजे पाठवलेल्या बदलाचं, शीर्षक ठरलेल्या नमुन्यात नाही. दुरुस्त केलं. मग शांतता. मग बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने, हालचाल नाही म्हणून ते बंद करून टाकलं. त्याच महिन्यात मी कोडमधली एक ओळ सुधारून पाठवली होती, ती दोन दिवसांत घेतली. म्हणजे माणसं आहेत, वेळही आहे. ते पान घेतलं असतं तर काल ताई रडल्या नसत्या.

दुपारी शॉपवर गेलो. ताईंनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं होतं: "माल परत. आधी जीआरएन उघडणे. क्रिएट, मग रिटर्न. नग वजात दिसतात, घाबरू नये. रिजेक्ट तेवढेच ठेवणे, बाकी ओळी काढणे. वेअरहाउस रिजेक्शन. मग डेबिट नोट. कॅन्सल करू नये." शेवटच्या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा.

त्यांना विचारून मी त्या पानाचा फोटो घेतलाय. आज रात्री तेच टाइप करून पुन्हा पाठवणार आहे, शीर्षक तुमच्या नमुन्यात घालून. या वेळी बॉटने बंद केलं तर पुन्हा उघडीन.