अभ्यास माझा, सत्ती-दुर्री त्याची

किरकोळ फीच्या ऑनलाइन पोकर टूर्नामेंटसाठी अभ्यास करणारा माणूस घरात फार दिवस लपून राहत नाही. कपाळाला आठ्या घालून तो रोज रात्री 169 चौकटींचा एक रंगीबेरंगी तक्ता बघत बसतो. हातात येणाऱ्या दोन पत्त्यांच्या जोड्या 1,326, पण त्यात बदाम की किलवर ही भानगड बाजूला ठेवली तर उरतात 169 प्रकार. कुठल्या जागेवरून यातलं काय खेळायचं आणि काय टाकायचं, ते पाठ करायचं. पाढे म्हणताना ज्याची जीभ लुळी पडायची, तो आता आंघोळ करताना ‘बटणावरून एक्का-पंजी एकरंगी, रेज’ असं खणखणीत म्हणतो. (बटण म्हणजे वाटणाऱ्याची जागा, रेज म्हणजे बोली वाढवणं.)

एवढं घोकून टेबलावर जावं, तर समोरचा पठ्ठ्या कोऱ्या पाटीचा. आपल्याकडे एक्क्यांची जोडी, त्याच्याकडे सत्ती-दुर्री, आणि सगळ्या चिप मध्ये. शंभरात साधारण 88 वेळा आपण जिंकतो. उरलेल्या वेळा कधी येतात, तर नेमक्या बक्षिसांच्या तोंडावर. वर तो चॅटमध्ये हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवतो.

आता खरी परीक्षा. दुसऱ्या दिवशी अभ्यासाला कुठला हात उघडायचा? हात आपोआप त्या एक्क्यांकडे जातो. तिथे शिकण्यासारखं काडीचंही नसतं. पैसे योग्य वेळी गेले, पत्ते वाईट पडले, विषय संपला. तरी माणूस तो हात पुन्हा पुन्हा चालवून बघतो, जणू या खेपेला रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्यावर, दुर्री यायची नाही.

शिकवणारे हात मात्र कमालीचे कंटाळवाणे असतात. एकच सांगतो. मी बिग ब्लाइंडवर, म्हणजे पत्ते बघण्याआधीच एक ठरलेली रक्कम घालायच्या जागेवर; हातात किलवरची नव्वी-छक्की. बटणावरच्याने दोन ब्लाइंडांची रेज केली, त्या रकमेच्या अर्धी घालणाऱ्या स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. ‘कशाला उगाच’ म्हणून मीही टाकले. पाच सेकंदांचा मामला, कोणाच्या लक्षातही राहू नये असा. हिशेब मात्र असा: त्याचे दोन, माझा आधीच गेलेला एक, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा आणि अँटीचा, म्हणजे दर हाताच्या वर्गणीचा, एक, म्हणजे मध्ये साडेचार ब्लाइंड. मला घालायचा फक्त एक. साडेपाचात एक, म्हणजे 18 टक्के वेळा जिंकलो तरी भागतं, आणि त्या हाताची जिंकण्याची ताकद याहून चांगलीच जास्त. असा प्रसंग एका टूर्नामेंटमध्ये कितीदा तरी येतो. चिप गळतात त्या इथून. पण या गळतीची कहाणी कोणाला सांगणार? एक्के हरल्याची सांगितली तर निदान चार जण हळहळतात.

सॉल्व्हर नावाचं प्रकरण, म्हणजे बिनचूक चाल काढून देणारा संगणक प्रोग्राम, वेगळंच. तो सांगतो, इथे तीनातून एकदा ब्लफ कर. त्याच्या मनातला प्रतिस्पर्धीही सॉल्व्हरइतकाच हुशार असतो. आमच्या टेबलावरच्याला खालची जोडी दिसली की तो कॉल करतो, मग समोर आभाळ कोसळो. त्याच्यापुढे नाजूक ब्लफ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. छोट्या टूर्नामेंटमध्ये ब्लफ आवरावेत आणि चांगला हात आला की न लाजता मोठी बेट लावावी. इतकी साधी गोष्ट पटायला मला सॉल्व्हर लागला, हे त्यातल्या त्यात त्याचं कर्तृत्व.

सगळ्यात छळवादी प्रकरण म्हणजे आयसीएम, चिपची बक्षिसातली किंमत काढायचं गणित. दहा जणांचं टेबल, सारख्या चिप, बक्षिसं 50, 30 आणि 20 टक्के. प्रत्येकाचा वाटा 10 टक्के. पहिल्याच हातात कोणाला तरी बाद करून चिप दुप्पट केल्या तर वाटा 20 व्हायला हवा ना? होतो 18.4. गमावलं तर मात्र सरळ शून्य. म्हणूनच बबलवर, बक्षिसाला एकदोन माणसं उरलेली असताना, बरा हातही टाकावा लागतो. हे मी बायकोला अत्यंत उत्साहाने समजावलं. ती म्हणाली, “म्हणजे जिंकलं तरी थोडं हरायचंच. मग झोप ना.”

परवा दादाने विचारलं, “काय रे, एवढा अभ्यास करतोस, जिंकलास किती?”

मी त्याला बसवून नीट सांगितलं, की मोठ्या टूर्नामेंटमध्ये पैसा वरच्या मोजक्या जागांवर एकवटलेला असतो, त्यामुळे चांगला खेळाडूही शेकडो टूर्नामेंट तोट्यात राहू शकतो, आणि एवढ्याशा निकालांवरून काहीच ठरवता येत नाही. सुधारणा निर्णयांत मोजायची, पैशांत नव्हे.

दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“हरतोयस तर,” तो म्हणाला.

हा माणूस पोकर खेळत नाही, हे टेबलावरच्या बाकीच्यांचं नशीब.