एका ठोशाने गेलेला जीव आणि अपिलाची मर्यादा

नमस्कार. ऑस्ट्रेलियाचे क्रिकेटपटू डेव्हिड हूक्स यांच्या मृत्यूविषयीच्या माझ्या लेखावर आपण आक्षेप घेतला आहे की, सुरक्षारक्षकाच्या ठोशाने माणूस मरूनही रक्षक निर्दोष सुटतो, त्याविरुद्ध अपीलही होत नाही, आणि मी अशा कायद्याची पाठराखण करतो. आपला संताप रास्त आहे, तरीही त्यातून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही.

जानेवारी २००४ मध्ये मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातील एका हॉटेलबाहेर बाचाबाची झाली, ठोसा बसला आणि खाली कोसळताना हूक्स यांचे डोके जमिनीवर आदळले. रक्षकाने स्वसंरक्षणाचा बचाव घेतला होता आणि तो निःसंशयपणे खोडून काढण्याची जबाबदारी सरकार पक्षावर होती. २००५ मध्ये ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, त्याला निर्दोष ठरवले, आणि तिथे ज्युरीच्या अशा निर्णयाविरुद्ध सरकारला अपील करता येत नाही.

आपल्याकडे ते करता येते. पतियाळात १९८८ मध्ये वाहनावरून झालेल्या भांडणात एका वृद्धाचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात नवज्योतसिंग सिद्धू १९९९ मध्ये निर्दोष ठरले, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना ३ वर्षांची शिक्षा दिली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती केवळ १,००० रुपये दंडावर आणली आणि पुनर्विलोकनात, म्हणजे स्वतःच्याच निकालाचा फेरविचार करताना, २०२२ साली १ वर्षाची सक्तमजुरी सुनावली. ३४ वर्षे दोन्ही कुटुंबे टांगणीला लागली होती, हेही विसरू नये.

खरा वाद ठोसा किती धोकादायक मानावा याचा आहे. १९९२ च्या विल्सन खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने, आरोपीच्या जागी असलेल्या समंजस माणसाला गंभीर दुखापतीची लक्षणीय शक्यता दिसली असती का, ही कसोटी घालून दिली आणि खटला नव्याने चालवायला सांगितला. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाने मात्र २०१४ मध्ये डोक्यावरचा किंवा मानेवरचा एकच फटकाही कायद्यानेच धोकादायक ठरवला. त्यामुळे हा प्रश्न ज्युरीच्या हातातून गेला, आणि मला ते पटत नाही.

पण म्हणून रक्षकाला सूट द्यावी, असे मी म्हणत नाही. सिद्धूंच्या पुनर्विलोकनात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, मुष्टियोद्धा, पैलवान किंवा अत्यंत धडधाकट माणूस वार करतो, तेव्हा त्याचा हातही शस्त्र ठरू शकतो. दारूच्या नशेत तोल जाणारी माणसे रोज हाताळणाऱ्या रक्षकाला तर, फरशीवर डोके आपटले की काय होते, हे इतर कोणाहीपेक्षा आधी कळायला हवे. दोषी ठरलेल्या रक्षकाला शिक्षा कमी झाली, तर त्या शिक्षेविरुद्धच्या अपिलात सरकारी वकिलाने हाच मुद्दा लावून धरावा.