बारा व्होल्ट दाखवणारी बॅटरी पास नाही

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : 'गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका, मल्टीमीटरने (व्होल्ट, ओहम मोजणारा छोटा मीटर) गाडी स्वतः तपासा.' त्यात चार दावे आहेत. १२ व्होल्ट आले की बॅटरी ठणठणीत. चालू गाडीत बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चांगला. वायरीच्या दोन टोकांना मीटर लावून बीप वाजला की वायर चांगली. आणि बीएस-६ गाडीला मीटर चालतच नाही, स्कॅनरच (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) हवा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला जाऊन मीटर जरूर घ्या. मेसेज तेवढा पुसून टाका.

रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. मेसेज पास करतो ती ही पाववाली! शिवाय १२.६ दाखवणारी बॅटरीही आतून गेलेली असू शकते. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हाचा आकडा बघा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या.

दुसरा सल्ला तर गाडीच्या जिवावर उठणारा. चार्ज होणारी बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ईसीयूपासून (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) अल्टरनेटरच्या डायोडपर्यंत काहीही उडू शकतं. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवून बॅटरीवरच मोजा : साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत, हेडलाइट आणि एसी लावूनसुद्धा. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमीजास्त करतात, म्हणून एका आकड्यावर अल्टरनेटर उतरवू नका.

आता बीप. शेजारच्या काकांची गाडी सकाळी नुसती कट-कट करायची. एका गॅरेजमध्ये वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणाऱ्या, जाड वायरला मीटर लावला तर झकास बीप, शून्य ओहम. वाजणारच की! बीपला लागणारा करंट इतका किरकोळ, की वायरीची एक तार शाबूत असली तरी पुरते. सेल्फला शंभरावर अँपिअर लागतात. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरलं आणि काकांना म्हटलं, "मारा सेल्फ." ०.२ च्या आत यायला हवेत, आले १.८. बॉडीला जिथे वायर कसलेली असते तिथे रंगाखाली गंज धरला होता. पॉलिश पेपर, पाना, वीस मिनिटं. दुसरी जुनी बॅटरी काकांनी परत लावली, ती अजून चालते आहे.

राहिला स्कॅनर. समजा, तो सांगतो कूलंट सेन्सरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा) सर्किटमध्ये गडबड आहे. सेन्सर गेला, कनेक्टर ओला झाला की वायर उंदराने कुरतडली, हे मीटरच सांगतो. अगदी कॅन लाइनसुद्धा (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी) : बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जिथे लावतात तो) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय.

मात्र एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला आणि हायब्रिडच्या नारिंगी केबलला घरचा मीटर लावायचा नाही.